मांसातलं औषध शोधणारी नळी: एका पशुवैद्याचा अनुभव

ब्रॉयलर कोंबडीच्या मांसात अँटिबायोटिक उरलंय का, हे शेडवर बसून तपासता येईल का, असं कराड-पाटण भागातले कोंबडीपालक मला सारखं विचारतात. येतं, पण अर्धंच. ते अर्धं कोणतं हे समजून न घेता त्यासाठी बाजारात मिळणारी चाचणीची नळी विकत घेतली तर पैसे जातीलच, वर खोटा विश्वास पदरात पडेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी खासगी पशुवैद्य आहे. आमच्याकडच्या काही कोंबडीपालकांनी कंपनीच्या करारातून बाहेर पडून गट केला आणि कराड-साताऱ्याच्या हॉटेलांना थेट माल द्यायला सुरुवात केली. गटाच्या औषधपाण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. एका हॉटेलच्या मालकीणबाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचा माल चांगला आहे, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी त्याला तुमचा शब्द कसा दाखवू?" प्रश्न रास्त होता. मग मी नळीची चाचणी मागवली आणि तिच्या जोडीला खासगी प्रयोगशाळेतही नमुने पाठवायला लागले.

माझ्याकडची नळी प्रीमी टेस्ट या नावाची आहे. युरोपात ती बरीच वर्षं वापरात आहे. बोटाएवढ्या नळीत तळाशी जांभळ्या रंगाचं आगर, म्हणजे जेलीसारखा थर, असतो. त्या आगरमध्ये जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू घातलेले असतात. हा जिवाणू उष्णतेचा भोक्ता. ६४ अंश सेल्सिअसला तो झपाट्याने वाढतो, वाढताना आम्ल सोडतो आणि त्या आम्लाने जांभळं आगर पिवळं होतं. मांसाच्या रसात अँटिबायोटिक असेल तर जिवाणू वाढत नाही, आम्ल सुटत नाही, नळी जांभळीच राहते. पिवळी झाली तर या चाचणीला दिसेल इतकं औषध त्यात नाही. जांभळी राहिली तर काहीतरी आहे.

करायची पद्धत मला फार आवडली, कारण तिच्यात स्वयंपाकघरातली वस्तू लागते. लसूण दाबायचा चिमटा. छातीच्या मांसाचा लहान तुकडा त्यात घालून दाबायचा आणि निघालेला रस पिपेटने नळीत सोडायचा. लागतो फक्त १०० मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब. तो २० मिनिटं तसाच मुरू द्यायचा. मग रस ओतून टाकायचा, नळी स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवायची, तोंडाला चिकटपट्टी लावायची आणि ६४ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची. साधारण तीन तासांत उत्तर मिळतं. रंग पाहताना नळीच्या खालच्या दोन तृतीयांश भागाकडे बघायचं असतं, वरचा थर कधीकधी फसवतो. एका नळीत औषध नसलेल्या कोंबडीचा रस घालून ती शेजारी ठेवावीच लागते. ती पिवळी झाली की बाकीच्या नळ्या वाचायच्या, घड्याळ बघून नाही. चिमटा दर नमुन्यानंतर साबणाने घासून, खळखळून धुवून, कोरडा करून मगच पुढचा तुकडा. इथे आळस केला तर एका कोंबडीचं औषध दुसरीच्या नावावर चढतं.

आमच्या गटातल्या एका दादांची बारावी झालेली मुलगी ही चाचणी आता माझ्याइतकीच नीट करते. हातमोजे, लेबल, वही, सगळं शिस्तीत. प्रयोगशाळेचं नाव काढलं की शेतकरी बिचकतो, ते बिचकणं या नळीने कमी होतं, आणि माझ्या मते हा तिचा मोठा गुण आहे. आपल्या शेडचा पक्षी, आपल्या हाताने दाबलेला रस, आपल्या डोळ्यांदेखत बदललेला रंग. माणूस त्या निकालाशी वाद घालत नाही.

अडचणी आहेत. इनक्युबेटर वेगळा घ्यावा लागतो आणि तो ६४ अंशांवर पक्का राहणारा हवा. ३७ अंशांचा नेहमीचा चालत नाही. मधेच वीज गेली तर त्या खेपेच्या नळ्या वाया. आमच्याकडे दुपारी वीज जाते, म्हणून आम्ही इनव्हर्टरवर चालवतो. नळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात एका पुरवठादाराने साध्या कुरिअरने, बर्फाची पिशवीही न घालता पेटी पाठवली होती, मी ती तशीच परत केली. माल मागवतानाच थंड पेटीत पाठवाल का आणि मुदत संपायला किती महिने शिल्लक आहेत, हे लेखी विचारून घ्या. काळीज किंवा अंडी तपासायची असतील तर त्यांच्यातल्या नैसर्गिक घटकांमुळेही जिवाणू दबतो, अंड्यातल्या लायसोझाइमने तर हमखास. त्यामुळे औषध नसतानाही नळी जांभळी राहू शकते. त्यासाठी रस आधी ८० अंशांना १० मिनिटं गरम करून घ्यायचा असतो. ती पायरी गाळू नका.

आता मुद्द्याचं. या नळीला कोणती औषधं दिसतात?

पेनिसिलिन घराण्यातली औषधं उत्तम दिसतात. पेनिसिलिन तर किलोला दोन-चार मायक्रोग्रॅम असलं तरी नळी जांभळी राहते. याला पीपीबी म्हणतात. एक किलो मांसात एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, म्हणजे एक पीपीबी. अमोक्सिसिलिन, सल्फाची औषधं, टायलोसिन चांगली दिसतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन वगैरे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आसपास दिसतात. मासळीसाठी आपल्याकडे ऑक्सिटेट्रासायक्लिनची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० पीपीबी आहे. त्या रेषेच्या जवळपास नळी बोलते, पण रेषेच्या नेमकं अलीकडे की पलीकडे हे सांगत नाही. औषधाचं नाव तर ती कधीच सांगत नाही.

आणि एन्रोफ्लॉक्सासिन? ते तिला जवळजवळ दिसतच नाही. युरोपच्या नियमात कोंबडीच्या मांसात एन्रोफ्लॉक्सासिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं सिप्रोफ्लॉक्सासिन मिळून १०० पीपीबीची मर्यादा आहे. नळी जांभळी राहायला त्याच्या कितीतरी पट औषध मांसात असावं लागतं.

आपल्या भागात कोंबडी शिंकायला लागली, श्वासाला घरघर आली, मरतूक वाढली, की पहिलं औषध पाण्यात पडतं ते एन्रोफ्लॉक्सासिन. मेडिकलवाला देतो, शेजारचा कोंबडीपालक सांगतो, कधी कंपनीचा सुपरवायझर बाटली हातात ठेवून जातो. स्वस्त आहे, गुण पटकन येतो. म्हणजे आपल्याकडे ज्या औषधाचा अवशेष सापडण्याची शक्यता मोठी, नेमकं तेच या नळीच्या नजरेआड राहतं. ही चाचणी बनवणाऱ्यांचा यात दोष नाही. माहितीपत्रकात प्रत्येक औषधाची पातळी छापलेली असते. पण विकणारा ते पत्रक उलगडून दाखवत नाही, "सगळी अँटिबायोटिक पकडते" एवढंच सांगतो.

मी हे ताडून पाहिलं. गटाबाहेरच्या एका शेडच्या वहीत माल उचलायच्या तीन दिवस आधीपर्यंत एन्रोफ्लॉक्सासिनची नोंद होती. मालकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, त्याबद्दल त्याला मी मानते. त्या पक्ष्यांच्या मांसाच्या नळ्या स्वच्छ पिवळ्या झाल्या. त्याच मांसाचा दुसरा भाग गोठवून प्रयोगशाळेत पाठवला, तर अहवालात एन्रोफ्लॉक्सासिन मर्यादेच्या वर आलं. नळी खोटं बोलली नव्हती. तिला तो प्रश्न विचारताच येत नव्हता.

सिप्रोफ्लॉक्सासिन हे माणसांचंही रोजच्या वापरातलं औषध आहे. लघवीच्या संसर्गाला, पोटाच्या आजाराला डॉक्टर ते लिहून देतात. कोंबड्यांत वापरून जिवाणू या घराण्यातल्या औषधांना सरावले की माणसालाही ती लागू पडत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणाने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी सप्टेंबर २००५ मध्ये काढून घेतली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ साली दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले होते. सहा अँटिबायोटिक शोधली, ४० टक्के नमुन्यांत अवशेष मिळाले. त्या सहांत एन्रोफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन होती. नुसत्या नळीवर विसंबून तो अभ्यास केला असता तर चित्र किती गोंडस दिसलं असतं, याचा विचार करा.

"शिजवल्यावर जातं की सगळं" असं मला दर गावात कोणीतरी सांगतं. जात नाही. टेट्रासायक्लिन उष्णतेने काही प्रमाणात मोडतं, एन्रोफ्लॉक्सासिन मात्र शिजवण्याला दाद देत नाही. मांस उकळलं की त्यातला काही भाग पाण्यात उतरतो, बस. आणि कोल्हापूर-साताऱ्याकडे ते पाणी आपण टाकून देत नाही, त्याचाच रस्सा करून वाट्यांनी पितो. काळजातही अवशेष सहसा मांसापेक्षा जास्त सापडतात. लहान मुलांना, बाळंतिणीला कलेजी मुद्दाम खाऊ घालायची आपली पद्धत, म्हणून हे सांगणं भाग आहे.

नळीपेक्षा आणि प्रयोगशाळेपेक्षाही स्वस्त असा एक उपाय औषधाच्या बाटलीवरच छापलेला असतो. जनावराला औषध शेवटचं दिल्यापासून त्याचं मांस, दूध, अंडी किती दिवस वापरू नयेत तो काळ. आमच्या बोलण्यात विदड्रॉवल. २०१२ च्या जानेवारीत केंद्राने औषध नियमांत दुरुस्ती करून हा काळ लेबलवर छापणं बंधनकारक केलं. कंपनीने स्वतः अभ्यास करून तो ठरवला नसेल, तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस आणि मासळीसाठी ५०० अंश-दिवस धरायचे. अंश-दिवस म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस. तळ्याचं पाणी २५ अंश असेल तर २० दिवस.

आता ब्रॉयलरचा हिशेब मांडा. आपल्याकडे पक्षी साधारण चाळिसाव्या दिवशी उचलला जातो. बाटलीवर २८ दिवस असतील तर ते औषध बाराव्या दिवसानंतर द्यायलाच नको. आणि श्वासाचे आजार येतात ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तेव्हा शेतकऱ्यापुढे खरा पेच असतो. औषध दिलं तर माल थांबवावा लागतो, थांबवला तर खाद्य वाढतं, पक्ष्याचं वजन गिऱ्हाइकाला नको इतकं होतं, दर पडतो. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असते. त्या माणसाला उपदेश करून काही होत नाही. आमच्या गटाने यावर एक व्यवस्था केली आहे. उपचार झालेली शेड वेगळी लिहायची, तिचा माल उशिरा काढायचा आणि होणारा तोटा गटाने वाटून घ्यायचा. सोपं नाही, पैशांवरून बोलाचाली होतात. पण त्यामुळे आजारी पक्ष्याला औषध नाकारावं लागत नाही आणि शेतकऱ्याला वहीत खोटं लिहावं लागत नाही. पक्षी आजारी असेल तर त्याला उपचार मिळालेच पाहिजेत, यावर मी ठाम आहे.

नळी इथे खूप उपयोगी पडते. अमोक्सिसिलिन किंवा सल्फा दिलेल्या शेडचा माल काढण्याआधी दोन-तीन पक्ष्यांची नळी लावली की काळ पुरा झाला की नाही याचा अंदाज येतो. एकदा मुदत संपूनही नळ्या जांभळ्या राहिल्या. शोध घेतला तर छतावरच्या टाकीच्या तळाशी औषधी पाण्याचा गाळ राहिला होता आणि पक्षी तेच पाणी पीत होते. टाकी घासली, निपलची लाइन धुऊन काढली, काही दिवसांनी नळ्या पिवळ्या झाल्या. कागदावरच्या नोंदीत हे कधी सापडलं नसतं.

आता प्रयोगशाळेची सेवा. इथे एलसी-एमएस-एमएस नावाच्या यंत्रावर तपासणी होते. मांसातून द्रावकाने औषध काढून घेतात, यंत्रात त्याचे घटक वेगळे करतात आणि रेणूच्या वस्तुमानावरून नेमकं कोणतं औषध किती आहे हे सांगतात. नाव मिळतं, आकडा मिळतो. खर्च हजारांत जातो, कारण औषधांच्या प्रत्येक गटाचे पैसे वेगळे. उत्तराला साधारण आठवडा लागतो, तोवर कोंबडी विकून, खाऊन झालेली असते. त्यामुळे दर मालाची अशी तपासणी परवडणारी नाही, जमणारीही नाही. आम्ही अधूनमधून, न सांगता निवडलेल्या शेडचा नमुना पाठवतो.

पाठवायचं कसं? अर्धा किलो मांस, त्याच दिवशी कापलेलं, स्वच्छ पिशवीत, पूर्ण गोठवून, थर्माकोलच्या पेटीत भरपूर बर्फ घालून. शेतकऱ्याचं नाव लिहू नका, सांकेतिक क्रमांक लिहा. अर्धा नमुना स्वतःच्या डीप फ्रीजरमध्ये राखून ठेवा, वाद झाला तर तोच कामाला येतो.

पहिल्या खेपेला मी ज्या प्रयोगशाळेकडे गेले तिथून एका ओळीचा अहवाल आला. 'अँटिबायोटिक अवशेष: आढळले नाहीत.' खाली सही-शिक्का. मी फोन केला.

"कोणकोणती औषधं शोधली होती?"

"मॅडम, अँटिबायोटिकची टेस्ट केली आहे."

"हो, पण त्यात कोणती? एन्रोफ्लॉक्सासिन होतं का? आणि किती पीपीबीपर्यंत दिसतं?"

"ते सरांना विचारून सांगतो."

सरांचा फोन आलाच नाही. पुढे कळलं की त्यांनी जिवाणूच्या वाढीवरचीच प्राथमिक चाचणी केली होती, म्हणजे माझ्या लसणाच्या चिमट्यासारखीच, आणि तिचे पैसे घेतले होते यंत्राच्या दराने. मी दुसरीकडे गेले. नवीन ठिकाणच्या अहवालात औषधांची यादी असते, प्रत्येकापुढे आकडा असतो आणि आकडा नसेल तिथे 'मोजता येणाऱ्या पातळीखाली' असं लिहून ती पातळी दिलेली असते. अहवाल म्हणजे हा. यादी आणि पातळी नसलेल्या 'आढळले नाहीत'ला काडीची किंमत देऊ नका.

आणखी एक. एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, शिक्का बघून बहुतेक जण निर्धास्त होतात. ही मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीगणिक असते. मसाल्यातली कीटकनाशकं तपासायची मान्यता असलेली प्रयोगशाळा कोंबडीतली अँटिबायोटिक मान्यतेशिवाय तपासत असू शकते. मान्यतेची व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येते. 'कोंबडीचं मांस' आणि तुमच्या औषधाचं नाव एकाच ओळीत आहे का, तेवढं शोधा.

मासळीबद्दल मला विचारणारे जास्त असतात, म्हणून थोडं तेही. बांगडा, सुरमई, बोंबील, पापलेट ही समुद्रातून धरलेली मासळी, तिला औषध कोणी पाजत नाही. अवशेषांचा प्रश्न मुख्यतः पाळलेल्या मासळीचा. रोहू-कटला, पंगस, तिलापिया आणि कोळंबी. माझा मावसभाऊ पालघरकडे व्हनामी कोळंबी करतो. त्याने मला विचारलं, "ताई, तुझी ती नळी मला चालेल का?" मी नाही म्हटलं. त्याच्या धंद्यात भीती असते क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या अँटिबायोटिकांची. क्लोरॅम्फेनिकॉलने एखाद्या माणसाच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच थांबू शकतं आणि किती मात्रेला ते होईल याचा नेम नाही. म्हणून त्याला सुरक्षित मर्यादाच ठरवता येत नाही. युरोपने २८ नोव्हेंबर २०२२ पासून कारवाईची पातळी क्लोरॅम्फेनिकॉलसाठी ०.१५ पीपीबी आणि नायट्रोफ्युरानसाठी ०.५ पीपीबी केली, आधी त्या ०.३ आणि १ होत्या. नळीला क्लोरॅम्फेनिकॉल दिसायला याच्या हजारो पट लागतं.

नायट्रोफ्युरानची तऱ्हा आणखी वेगळी. मूळ औषध काही तासांत मोडून जातं, पण त्याचे तुकडे मांसातल्या प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. ते सोडवायला प्रयोगशाळेत नमुना सौम्य आम्लात, नायट्रोबेन्झाल्डिहाइड घालून ३७ अंशांना रात्रभर ठेवावा लागतो, मग यंत्रावर. तीन तासांचं काम नाही हे. यातला सेमिकार्बाझाइड नावाचा एक तुकडा तर औषध न देताही सापडू शकतो. कोळंबीवर्गातल्या प्राण्यांच्या टरफलात तो निसर्गतः आढळला आहे. म्हणून भावाला मी सांगितलं, नमुना नीट सोलून, टरफलाचा कण न राहू देता पाठव आणि नुसतं सेमिकार्बाझाइड निघालं तर घाबरून न जाता फेरतपासणी माग. युरोपला जाणाऱ्या मालासाठी तळं काढण्याआधी एमपीडाच्या, म्हणजे सागरी मालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, प्रयोगशाळेतून एलायझा पद्धतीने (प्रतिपिंडं वापरून ठरावीक औषध शोधणारी चाचणी) तपासणी करून घ्यावी लागते. ती शिस्त त्याला जाचक वाटते खरी, पण बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी एवढी काटेकोर तपासणी होते आणि वाशीच्या किंवा साताऱ्याच्या बाजारात येणारी तिलापिया कोणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपली मुलंही तीच मासळी खातात.

कायदा अगदीच गप्प नाही. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक खाद्यप्राण्यांसाठी बनवायला, विकायला जुलै २०१९ मध्ये बंदी आली. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, निषिद्ध औषधांची यादी वाढवली, ती १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. त्यात क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान, कोलिस्टिन आहेत. आणि अन्नसुरक्षा कायदा, २००६ मधलं कलम ४० साध्या ग्राहकासाठी आहे. घेतलेला माल शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. अट अशी की विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. माल नियमात बसला नाही तर भरलेलं शुल्क परत मिळतं. एखादी सोसायटी, वसतिगृह, मंगल कार्यालय यांनी मिळून वर्षातून एकदा तरी हे करावं. पाकिटावर 'अँटिबायोटिक अवशेषमुक्त' छापून चढा दर घेणाऱ्यांकडे तर अहवालाची प्रत मागाच. आमच्याकडेही मागा. आम्ही देतो, औषधांच्या यादीसकट.

अवशेष नाहीत म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू नाहीत, असं मात्र समजू नका. औषध भरपूर दिलं आणि मुदत पाळली, तर मांसात औषध सापडत नाही, पण शेडमध्ये तयार झालेले चिवट जिवाणू पक्ष्याच्या आतड्यात, विष्ठेत, लिटरमध्ये (शेडच्या जमिनीवर पसरलेल्या भुशात) राहतात. ते तपासायचं काम वेगळं आहे, ही नळी किंवा तो अहवाल त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यावर इलाज शेडमध्येच आहे. लसीकरण वेळेवर, लिटर कोरडं, हवा खेळती, दोन बॅचमध्ये शेड पुरेशी रिकामी, पाण्याची तपासणी. आमच्या गटात औषधाचा खर्च उतरला तो याने, चाचणीने नाही.

तर नळी कोणी घ्यावी? स्वतःची कोंबडी स्वतः विकणारा गट, कत्तलखाना, आठ-दहा शेडवर लक्ष ठेवणारा पशुवैद्य, यांनी जरूर घ्यावी. औषधांची वही नीट असेल तर तिचा पैसा वसूल होतो. एकट्या दुकानदाराने घेऊ नये. त्याच्याकडे माल चार ठिकाणांहून येतो, वही नसते, आणि पिवळ्या नळीचा फोटो भिंतीवर लावून एन्रोफ्लॉक्सासिनची कोंबडी निर्धास्तपणे विकली जाईल. घरगुती ग्राहकाला तिची गरज नाही. कोळंबीवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, त्यांनी एलायझा आणि यंत्र यांवरच पैसे खर्च करावेत. आणि जे घेतील त्यांनी वर्षाच्या हिशेबात यंत्रावरच्या काही तपासण्यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत, त्यात फ्लुरोक्विनोलोन गट, म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिनचं घराणं, पहिला. एन्रोफ्लॉक्सासिनची पट्टीवरची झटपट चाचणीही मिळते. तिचे नमुने मी मागवले आहेत, यंत्राच्या आकड्यांशी ताडून झाल्यावर तिच्याबद्दल वेगळं लिहीन.